ऑर्केस्ट्रात बेसला बसताय? ६० हजार कुठे घालायचे, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे, वय २४, काही वर्षं लीड गिटार वाजवलीत. हिंदी-मराठी गाण्यांच्या एका ऑर्केस्ट्राने गणपतीपासून बेसला (खालचे सूर देणाऱ्या बेस गिटारला) बसायला सांगितलंय. हातात ६० हजार आहेत. मित्र म्हणतात, ४० हजारांचा अ‍ॅम्प घे आणि उरलेल्यात बेस. तुम्हाला विचारायचंय की हे बरोबर आहे का, बेस चार तारांचा घ्यावा की पाच, यावर पोट चालतं का, आणि गिटार विकून टाकावी का.

अ‍ॅम्प घेऊ नका. निदान या ६० हजारांत तरी नाही. ज्यांचे व्हिडिओ बघून आपण शिकतो त्यांच्या मागे माणसाच्या उंचीचं कॅबिनेट उभं असतं, म्हणून बेस म्हणजे मोठा अ‍ॅम्प हे डोक्यात पक्कं बसतं. ती पद्धत वेगळ्या काळातली आहे. अँपेग कंपनीचा एसव्हीटी १९६९ मध्ये आला. ३०० वॉटचा, व्हॉल्व्हचा, आणि खाली दहा इंची आठ स्पीकरांचं कॅबिनेट. तेव्हा पीएमधून, म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या स्पीकरांतून, जेमतेम गाणाऱ्यांचे माईक जायचे, त्यामुळे बेस शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर तो स्टेजवरूनच ढकलावा लागे. आज आपल्याकडे पुण्याचं बालगंधर्व असो, ठाण्याचं गडकरी असो, तुमच्या गावचं कालिदास असो की मंडळाचा मांडव, बेस डीआयमधून (सिग्नल लांब नेण्याजोगा करणारी छोटी डबी) कन्सोलला, म्हणजे साउंडवाल्याच्या मिक्सरला, जातो आणि तिथून हॉलच्या स्पीकरांना. मागचा अ‍ॅम्प ऐकता तुम्ही आणि शेजारचा ड्रमर. तो मोठा लावलात की आवाज गायकाच्या माईकमध्ये शिरतो आणि साउंडवाला सगळ्यात आधी तुमचा चॅनल खाली ओढतो.

खर्च ठरवताना मी एकच गोष्ट बघतो: आवाजाचा रस्ता कुठपर्यंत माझ्या ताब्यात आहे? बोटं, तारा, पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग), केबल आणि डीआय, एवढं माझं. डीआयमधून एक्सएलआर (तीन पिनांची, माईकची) केबल बाहेर पडली की पुढचं सगळं साउंडवाल्याचं. त्याचा कन्सोल, त्याचे स्पीकर, त्याचे कान, त्याचा मूड. तिथे तुमचा रुपयाही पोचत नाही. म्हणून पैसा डीआयच्या अलीकडे घालायचा आणि डीआयमधून निघणारा आवाज असा ठेवायचा की साउंडवाल्याने चॅनलला हात लावला नाही तरी काम भागेल.

आता डीआयबद्दल जरा सविस्तर, कारण नव्या मुलांकडे नेमकी हीच वस्तू नसते. बेसच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल नाजूक असतो. साध्या केबलने तो लांब नेला की वरची धार जाते आणि वाटेतली गुणगुण चिकटते. डीआय हा सिग्नल बॅलन्स्ड करतो, म्हणजे वाटेतली गुणगुण रद्द होईल असा, मग तो मल्टीकोरमधून (अनेक चॅनल नेणाऱ्या जाड केबलमधून) हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी बिघडत नाही. बेस पॅसिव्ह असेल, म्हणजे आत बॅटरी नसेल, तर डीआय अ‍ॅक्टिव्ह घ्या. त्याला लागणारे ४८ व्होल्ट कन्सोलच्या फँटम पॉवरमधून मिळतात. बेसच अ‍ॅक्टिव्ह असेल तर साधा ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय उत्तम चालतो. दोन्हींवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. शंभरातल्या नव्वद वेळा स्टेजवरची गुणगुण त्या एका बटणाने जाते, आणि साउंडचेकला ‘बेसमधून हम येतोय’ अशी ओरड झाली की सर्वांत आधी तेच दाबायचं.

साउंडवाल्याकडे डीआय असतो की, असं तुम्ही म्हणाल. असतो. पण बहुतेक वेळा दोनच असतात आणि ते कीबोर्डला लागलेले असतात. मग बेसला जॅक टू एक्सएलआर केबल देऊन सरळ स्टेजबॉक्समध्ये, म्हणजे मल्टीकोरच्या स्टेजवरच्या पेटीत, खुपसतात आणि आवाज मेल्यासारखा येतो. आपला डीआय आपल्या बॅगेत असला की हा प्रश्नच उरत नाही.

ऐपतीत बसत असेल तर साध्या डीआयऐवजी प्रीअ‍ॅम्प-डीआय बघा. टेक २१ कंपनीचा सॅन्सअ‍ॅम्प बेस ड्रायव्हर १९९० च्या दशकापासून बाजारात आहे आणि वापरलेला मिळू शकतो. अ‍ॅम्प आणि कॅबिनेटमधून गेल्यावर आवाजाला जो दाणा येतो तो त्याच्यातून थेट कन्सोलला जातो. ब्लेंडचं बटण (मूळ आणि घडवलेल्या आवाजाचं मिश्रण) अर्ध्याच्या आसपास ठेवा, ड्राइव्ह कमी. तुमचा ‘अ‍ॅम्प’ हाच, आणि तो एका हातात मावतो.

ईक्यूबद्दल, म्हणजे खालचा, मधला, वरचा आवाज कमी-जास्त करण्याबद्दल, एक गोष्ट लक्षात ठेवा. घरी हेडफोनवर वाजवताना खालचं वाढवलेलं, मधलं कापलेलं आणि वरचं वाढवलेलं फार गोड लागतं. हॉलमध्ये तोच आवाज गायब होतो. बेसची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झच्या आसपास कंप होतो. हवेतली ही लाट सव्वाआठ मीटर लांब असते. ती हॉलच्या भिंतींमध्ये कुठे जमा होते, कुठे स्वतःलाच खाते, त्यामुळे तिसऱ्या रांगेत धबधबा आणि दहाव्या रांगेत काहीच नाही असं घडतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी सबवूफर नसतात. खांबासारख्या पातळ स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येतच नाही. येतात ८२, १२३ असे वरचे अंश, आणि त्यांच्यावरून कान मूळ स्वर ओळखतो. म्हणजे लोकांना ‘बेस ऐकू येतो’ तो प्रत्यक्षात मधल्या पट्ट्यामुळे. साधारण २०० ते ८०० हर्ट्झच्या भागाला हात लावू नका. घरी एकट्याने ऐकताना तो जरा नाकातला वाटतो. ढोलक, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डांच्या गर्दीत तोच तुमचा आवाज पुढे आणतो.

आता चार की पाच. हा प्रश्न जॅझवाल्याला किंवा रॉकवाल्याला विचारलात तर उत्तर वेगळं मिळेल. आपल्या ऑर्केस्ट्रात उत्तर गायकाच्या पट्टीवर ठरतं.

बेसच्या मोकळ्या चार तारा ई, ए, डी, जी. म्हणजे आपल्या भाषेत, हार्मोनियमच्या पट्ट्यांच्या नावांनी, पांढरी तीन, सहा, दोन आणि पाच. चारही पांढऱ्या. आणि गाणारे गातात कुठे? पुरुष बऱ्याचदा काळी एक किंवा दोन, बायका काळी चार, काळी पाच. स्टेजवर ‘काळी एक’ असा आवाज आला की बेसिस्टने क्षणात हिशोब करायचा असतो: षड्ज ए तारेच्या चौथ्या पडद्यावर (फ्रेटवर), आणि मोकळ्या चार तारा म्हणजे अनुक्रमे कोमल ग, कोमल ध, कोमल रे आणि तीव्र म. तोडीतली रचना असेल तर ठीक, एरवी एकही मोकळी तार सुखाने वापरता येत नाही. लीड गिटारवरून आलेल्याची सगळी बोटं मोकळ्या तारांच्या भरवशावर बसलेली असतात आणि तुम्हालाही पहिल्या रिहर्सलला हेच जड जाईल. म्हणून आजपासून प्रत्येक गाणं मोकळी तार न वापरता बसवा. तर्जनीखाली षड्ज धरला की मध्यम, पंचम, वरचा सा हे सगळं त्याच चार पडद्यांच्या चौकटीत मिळतं. तीच चौकट उचलून दुसऱ्या पट्टीत ठेवायची. गायिका आयत्या वेळी ‘आज अर्धा सूर खाली घेऊ’ म्हणाली की चौकट एक पडदा मागे.

दुसरी अडचण खालच्या सुरांची. चार तारांवर सर्वांत खालचा स्वर पांढरी तीन. काळी दोन त्याच्या अर्धा सूर खाली आहे, म्हणजे नाहीच. आणि काळी दोन नुसती काळी दोनच्या गाण्यात लागते असं नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या प्रत्येक गायिकेचा पंचम म्हणजे काळी दोनच. खालच्या पंचमावरून षड्जावर येणं हे बेसचं रोजचं काम, आणि तेच इथे अडतं. पाच तारांच्या बेसवर जाड बी तारेच्या चौथ्या पडद्यावर तो स्वर बसलेला असतो, दुसऱ्यावर काळी एक. म्हणून आपल्या कामाला मी पाच तारा सुचवतो.

पण एक अट आहे. ३४ इंची मापाच्या (तारेची वाजती लांबी) स्वस्त पाच तारांच्या बेसमध्ये बी तार लोंबती असते. स्वर लागतो, पण कुठला ते कळत नाही. दुकानात बी तारेचा चौथा पडदा आणि ए तारेचा सहावा पडदा आळीपाळीने वाजवा, दोन्ही काळी दोनच. वरचा स्पष्ट आणि खालचा नुसती घरघर असेल तर तो बेस ठेवून द्या आणि त्याच पैशांत चार तारांचा चांगला घ्या.

चार तारांचा घेतलात तर एक युक्ती सांगतो, ती फार उपयोगाची आहे. चारही तारा अर्धा सूर उतरवा. मग मोकळ्या तारा होतात काळी दोन, काळी चार, काळी एक आणि काळी तीन. ज्या पट्ट्यांत गायक खरोखर गातात त्याच मोकळ्या मिळतात, आणि काळी चारचा खालचा पंचमही हातात येतो. तारा किंचित जाड गेजच्या लावा, म्हणजे ढिल्या वाटणार नाहीत. साथीदार कॉर्डची नावं घेतील तेव्हा मनात एक पडदा वर सरकायचं, एवढीच सवय करावी लागते.

बेस कुठला? फेंडरचा प्रिसिजन १९५१ चा, जॅझ बेस १९६०चा, आणि आजचे बहुतेक बेस या दोघांच्याच वंशातले. सुरुवातीला दोन्ही पद्धतींचे पिकअप एकत्र असलेला, म्हणजे पीजे, घ्या. यामाहाच्या टीआरबीएक्समधला १७४ तसा आहे, स्क्वायरच्या अ‍ॅफिनिटीतही मिळतो. मुंबईत जाणं होत असेल तर धोबीतलावच्या फुर्ताडोसारख्या दुकानात जाऊन हातात घेऊन वाजवल्याशिवाय ऑनलाइन मागवू नका. वापरलेला घेणार असाल तर प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा, घाई न करता. जी तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा स्वर पटकन विझतो का ते ऐका. फेंडर घडणीच्या मानेत हा दोष सर्रास असतो आणि तो दुरुस्त होत नाही. व्हॉल्यूमच्या बटणाची खरखर मात्र किरकोळ, तिच्यासाठी सौदा मोडू नका.

बेसइतकंच महत्त्व सेटअपला. नाशिकच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मान पुढे वाकते आणि तारा उंच होतात. थंडीत कोरडं पडलं की उलट, आणि तारा पडद्यांना घासून खडखडतात. तपासायचं कसं? एका हाताने तार पहिल्या पडद्यावर दाबा, दुसऱ्याने मान जिथे बॉडीला मिळते त्या पडद्यावर. आता सातव्या-आठव्या पडद्याशी तार आणि पडदा यांच्यात जेमतेम व्हिजिटिंग कार्ड सरकेल इतकी फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा आवळायचा, रात्रभर ठेवायचं, सकाळी परत बघायचं. एका बैठकीत पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. आणि बेस बंद गाडीच्या डिकीत मे महिन्याच्या उन्हात ठेवू नका. एका दुपारीत मान फिरते.

तारांचा सेट गिटारच्या मानाने महाग पडतो, म्हणून प्रत्येक कार्यक्रमानंतर सुती फडक्याने तारा वरून-खालून पुसायच्या. घामानेच त्या मरतात. अगदीच अडलात तर साध्या पाण्यात उकळून, कोरड्या करून परत लावता येतात. चमक थोडेच दिवस टिकते, पण एक-दोन कार्यक्रम निघतात.

जुन्या गाण्यांसाठी मात्र तारांची चमक नकोच असते. पन्नास-साठच्या दशकांतल्या ध्वनिमुद्रणांत जो खालचा आवाज ऐकू येतो तो बहुतेक वेळा उभ्या डबल बेसचा आहे: गोल, आखूड, लगेच विझणारा. त्यावर लखलखीत, लांब वाजणारा इलेक्ट्रिक बेस वाजवला की भावगीत परकं वाटू लागतं. उपाय फुकटचा आहे. भांडी घासायच्या नव्या स्पंजची बोटभर रुंद पट्टी कापा आणि ब्रिजला (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथे) लागून तारांखाली सरकवा, तारांना हलकेच टेकेल अशी. अंगठ्याच्या मऊ भागाने वाजवा. फेंडरने आपल्या सुरुवातीच्या बेसमध्ये ब्रिजपाशी असे म्यूट दिलेलेच होते. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतले बेसिस्ट जेम्स जेमरसन तर सपाट तारांवर एकाच तर्जनीने वाजवत, आणि तारा तुटल्याशिवाय बदलत नसत. ती पट्टी माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात कायम असते. नवं गाणं आलं की काढली, जुनं आलं की सरकवली, निवेदकाच्या दोन वाक्यांत काम होतं.

आता डग्गा. मराठी कार्यक्रमात बेसची खरी गाठ ड्रमशी नसते, डग्ग्याशी असते. दोघांचा आवाज एकाच खालच्या पट्ट्यात, आणि डग्गा तर मींड घेतो, त्याचा स्वर सरकता. दोघंही एकाच वेळी बोलले की नुसता गाळ होतो आणि साउंडवाला दोघांनाही पातळ करतो. केरवा डोळ्यांसमोर आणा: धा गे ना ति, न क धि न. डग्गा उघडा वाजतो पहिल्या, दुसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. तिसरीपासून सहावीपर्यंत तो बंद आहे. मग बेसने समेवर षड्ज द्यावा, छोटाच, आणि जी काही हालचाल करायची ती ‘ना ति न क’च्या जागेत करावी. सातवीला तबलजी डग्गा घुमवतो तेव्हा हात तारेवर ठेवून गप्प राहावं. एवढं केलंत की तबलजी स्वतःहून तुमच्याकडे बघून मान हलवेल. लावणी आली की ढोलकी वर चढते आणि खाली जागा मोकळी मिळते, तिथे थोडं मनमुराद वाजवा.

ऐकायचं कोणाला? आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ, ए. आर. रहमान यांच्याकडे वाजवलेले चेन्नईचे कीथ पीटर्स, आणि आपल्या मुंबईची मोहिनी डे. मोहिनीचा वेग सगळे बघतात, तुम्ही तिचं तालाचं गणित ऐका. टोनी वाझ यांचं वाजवणं फक्त बेस ऐकत, कागदावर उतरवून घ्या. हिंदी चित्रपटसंगीताच्या ताफ्यांत गोव्याचे इतके वादक का होते, याचं एक मोठं कारण त्यांना चर्चच्या शाळांमधून स्वरलिपी वाचता येत होती. तुम्हाला स्टाफ नोटेशन येत नसेल तरी चालेल, पण प्रत्येक गाण्याचा एक कागद स्वतःच्या हाताने लिहिलेला हवा: पट्टी, ठेका, एम वन आणि एम टू (गाण्यातले मधले वाद्यांचे तुकडे) किती बारचे, अंतऱ्यानंतर पीस कुठला. मोबाइलवर बघून वाजवणाऱ्याची स्क्रीन नेमकी पीसच्या तोंडावर झोपते.

विजेबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मांडवात आणि लॉनवर वीज जनरेटरची किंवा ओढून घेतलेली असते आणि अर्थिंग बऱ्याचदा नावापुरतं. तुमच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. तुम्ही कोरस गायला माईकला ओठ लावलेत आणि माईकची अर्थ वेगळ्या ठिकाणची असली तर झटका तुमच्या अंगातून जातो. माईकला ओठ लावण्याआधी हाताच्या बोटांची मागची बाजू माईकच्या जाळीला हलकेच टेकवून बघा, दुसरा हात तारांवर ठेवून. चुरचुर जाणवली तर गाऊ नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. प्लगमध्ये लावायचा सॉकेट टेस्टर स्वस्त मिळतो, अर्थ आहे की नाही ते दिव्यांनी दाखवतो. तो बॅगेत हवाच. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला झाला तर २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या दिशेने दाब चढतो आणि अ‍ॅडॅप्टर एकापाठोपाठ जळतात. म्हणून पेडलला शक्य तिथे बॅटरी, आणि जनरेटर बदलताना सगळं बंद. बेस अ‍ॅक्टिव्ह असेल तर कार्यक्रम संपताच जॅक काढा. जॅक आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते.

कानांसाठी संगीतकारांचे इअरप्लग आजच घ्या. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमरची झांज तुमच्या कानापासून हातभर अंतरावर असते आणि कार्यक्रम तीन तासांचा.

तर ६० हजारांची वाटणी अशी करा. निम्म्याच्या थोडे पुढे बेसला, वापरलेला चांगला मिळाला तर त्याहून कमी. मग डीआय किंवा प्रीअ‍ॅम्प-डीआय. मग सेटअप आणि एक जादा तारांचा सेट. दोन चांगल्या केबल, रुंद पट्टा (बेस चार किलोच्या आसपास भरतो आणि डावा खांदा तो तासन्‌तास पेलणार आहे), ट्यूनर, इअरप्लग, सॉकेट टेस्टर. घरच्या रियाजाला बेसमध्येच खोचायचा हेडफोन अ‍ॅम्प पुरतो. उरलेले पैसे बँकेत राहू द्या. पुढे पुण्या-मुंबईच्या पबमध्ये बँडबरोबर वाजवायला लागलात, जिथे पीए फक्त गाण्यापुरता असतो, तेव्हा दोन-तीन किलोचा क्लास डी हेड (स्पीकर नसलेला हलका अ‍ॅम्प) आणि एक हलकं कॅबिनेट घ्या. तोपर्यंत तुमच्या हातांना काय हवंय ते तुम्हाला कळलेलं असेल.

पोटाचा प्रश्न. आपल्याकडे पैसे नाईटवर, म्हणजे दर कार्यक्रमामागे, मिळतात आणि नाईट पंचांगावर. गणपतीचे दहा दिवस भरलेले, मग पितृपक्षात शुकशुकाट, नवरात्रात नऊ रात्री सलग, दिवाळी पहाटेला मध्यरात्रीनंतर साउंडचेक आणि उजाडायच्या आत पहिलं गाणं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आणि संगीत, पुढे पाडवा पहाट, मेपर्यंत बरं. आषाढ लागला की पुन्हा कोरडं. वर्षाची कमाई पाच-सहा महिन्यांत होते आणि ती बारा महिने पुरवायची असते. लाउडस्पीकरला रात्री दहाचा नियम असल्याने कार्यक्रम वेळेत संपतात, ही वादकांच्या तब्येतीच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली. पण साहित्य आवरून, जेवून, गाडीने परत येईपर्यंत पहाट होतेच.

फक्त नाईटवर घर चालवणारे बेसिस्ट मी बघितलेत, बहुतेक मुंबई-पुण्यात, आणि ते स्टुडिओतही वाजवतात, शिकवतातही. नाशिकमध्ये राहून पहिली काही वर्षं दुसरं उत्पन्न हवंच. घरी एक ऑडिओ इंटरफेस (वाद्य संगणकाला जोडायची डबी) घेऊन ट्रॅकवर बेस वाजवून पाठवायला शिका, ते काम पंचांग बघत नाही. पैशांचं बोलणं होकार देण्याआधी करा: नाईट किती, रिहर्सलचे वेगळे की नाही, प्रवास कोणाचा, कार्यक्रम रद्द झाला तर काय. एका संयोजकाने माझे गणपतीचे पैसे पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत लांबवले होते. तेव्हापासून मी निम्मे आधी घेतो आणि मेसेजवर लिहून घेतो. यात उद्धटपणा काही नाही, तबलजी आणि निवेदकही हेच करतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कामावर थेट येणार आहे. बजेट कमी झालं की संयोजक पहिला हात बेसवर टाकतो. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस देतो, किंवा बेस ट्रॅकवर घेतात. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या दौऱ्यांना तर तिकिटं वाचवायला हे हमखास होतं. याला तक्रार करून उत्तर मिळत नाही. उत्तर स्टेजवर मिळतं: गायकाने अंतरा दोनदा घेतला, निवेदक मध्येच बोलला, गायिका एक बार आधी आली, तरी ट्रॅक पुढे पळत राहतो आणि बेसिस्ट गायकाबरोबर वळतो. म्हणून नजर कायम गायकाच्या मानेवर आणि तबलजीच्या डाव्या हातावर ठेवा. ज्या गायकाला हे एकदा जाणवतं तो पुढच्या वेळी संयोजकाला स्वतःच सांगतो की बेस हवाच.

गिटार विकू नका. दोन कारणं आहेत. ऑर्केस्ट्रात लीड गिटारवाला आयत्या वेळी येत नाही तेव्हा जो दोन्ही वाजवू शकतो त्याला जास्तीची नाईट मिळते. आणि शिकवण्या गिटारच्याच लागतात, बेस शिकायला नाशिकमध्ये फारसे विद्यार्थी येणार नाहीत. पण गणपतीपर्यंत तिला हात लावू नका. बोटांना जाड तारांची, रुंद अंतराची आणि कमी स्वर वाजवण्याची सवय लागायला तेवढा सलग वेळ हवा. रोज मेट्रोनोम केरव्याच्या लयीत लावा, ऑर्केस्ट्राच्या यादीतली पहिली दहा गाणी काळी एक आणि काळी चार अशा दोन्ही पट्ट्यांत बसवा, आणि रिहर्सलच्या आधी तबलजीला एकदा घरी जाऊन भेटा. दोघांनीच बसून ती दहा गाणी काढा, गायकाशिवाय.